तिसऱ्या वर्गाचे उतारू

भारतीय रेल्वेने थर्ड क्लास १९७४ साली बंद केला. त्यानंतर जन्मलेल्या पिढीने त्या वर्गाचे तिकीट कधी हातात घेतले नाही की डब्यावरची ती पाटीही पाहिली नाही. तरीही बोरिवलीच्या कॉलेजातल्या मुलाला सिनेमा आवडला नाही, तर तो ‘एकदम थर्डक्लास’ म्हणतो. घाटकोपरच्या बाजारात गिऱ्हाईक कापडाचा पोत चाचपते आणि ‘थर्डक्लास माल’ म्हणून पुढच्या दुकानाकडे वळते. कुणाची वागणूक खटकली, की तो माणूसच थर्डक्लास ठरतो. पन्नास वर्षांपूर्वी रद्द झालेला प्रवासाचा वर्ग मराठीत अपशब्द म्हणून अजून टिकून आहे. हा अपशब्द आला कुठून, त्यामागे कोणती माणसे आहेत आणि ‘थर्ड’ या शब्दाला याहून मानाचे अर्थ आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी हा लेख.

शब्दाचे कूळ

थर्ड हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. जुन्या इंग्रजीत तो ‘थ्रिद्दा’ होता. पुढे त्यातल्या ‘र’ने जागा बदलली आणि ‘थर्ड’ रूढ झाला. लॅटिनमधला ‘तेर्तिउस’, ग्रीकमधला ‘त्रितोस’ आणि संस्कृतातला ‘तृतीय’ हे त्याचे सख्खे भाऊबंद. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्याचे पूर्वी तीन भाग होते. त्यांना ‘रायडिंग’ म्हणत. त्याचा घोडेस्वारीशी काही संबंध नाही. तो मूळचा ‘थ्रायडिंग’, म्हणजे तिसरा हिस्सा.

इंग्रजीतल्या पहिल्या दोन क्रमवाचकांचा त्यांच्या अंकांशी ध्वनीचा संबंध नाही. ‘फर्स्ट’ म्हणजे सर्वांत पुढचा. ‘सेकंड’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘मागून येणारा’. त्याआधी इंग्रजीत दुसऱ्यासाठी ‘अदर’ हाच शब्द होता. अंकावरून सरळ तयार झालेला पहिला क्रमवाचक म्हणजे थर्ड. फर्स्टमध्ये पुढारपण आहे, सेकंडमध्ये अनुयायीपण आहे. थर्डमध्ये मुळात मोजणीशिवाय काहीही नाही. त्याला हलकेपणा चिकटला तो माणसांच्या व्यवस्थेमुळे.

मराठीतही तिसऱ्याच्या वाट्याला दोन्ही टोके आली आहेत. ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण आपलीच. आणि साडेतीन मुहूर्तांत मान मिळवणारी अक्षय्य तृतीयाही आपलीच. पार्ल्याचे दीनानाथ असो, मुलुंडचे कालिदास असो की बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, मराठी नाटकाचा पडदा उघडतो तो तिसऱ्या घंटेनंतरच. तेव्हा तिसरा म्हणजे हलक्या प्रतीचा, हा अर्थ आपल्या परंपरेने दिलेला नाही. तो रुळांवरून आला.

डब्यांची उतरंड

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या भूमीवरूनच धावली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित असा तो थाट होता. पश्चिमेकडे १८६७ साली विरारहून मुंबईकडे गाडी सुरू झाली आणि अंधेरी-बोरिवलीची गावे शहराला जोडली गेली. या गाड्यांबरोबर विलायतेतली वर्गांची उतरंडही आली. तिथे थर्ड क्लासचे उतारू सुरुवातीला उघड्या डब्यांतून जात. त्यांच्या डोक्यावर छप्पर असावे आणि भाडे मैलाला एका पेनीपेक्षा जास्त नसावे, यासाठी १८४४ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला.

आपल्याकडे स्थिती आणखी बिकट होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर काही काळ चौथा वर्गही होता आणि त्या डब्यांत बसायला बाकेच नव्हती. रेल्वेच्या उतारूंमध्ये बहुसंख्य लोक सर्वांत खालच्या वर्गाचे. गाडी चालत होती ती त्यांच्या गर्दीवर, सोयी मात्र वरच्या वर्गासाठी होत्या.

सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजी मुंबईहून मद्रासला थर्ड क्लासने गेले. १३ रुपये ९ आणे भाडे भरून. डब्यावर २२ उतारूंची मर्यादा लिहिलेली होती. प्रत्यक्षात बहुतेक प्रवासभर त्यात ३५ हून अधिक माणसे होती. या अनुभवावर त्यांनी लेख लिहिला. त्यात घाण, गर्दी आणि कर्मचाऱ्यांची बेपर्वाई यांचे वर्णन आहेच, पण त्याहून महत्त्वाचा त्यांचा हिशेब आहे. फर्स्टचे भाडे थर्डच्या पाचपटीहून थोडे अधिक असेल, तर थर्डच्या उतारूला फर्स्टच्या निदान एक पंचमांश, किंवा एक दशांश तरी सोय मिळते का, असे त्यांनी विचारले. थर्ड क्लास घाणेरडा होता, पण तो त्यातल्या माणसांमुळे नव्हे; त्यांचे पैसे घेऊन त्यांना पाणी, जागा आणि स्वच्छता नाकारली गेली म्हणून. पुढे भाषेने मात्र व्यवस्थेचा दोष उतारूंच्या माथी मारला.

पाटी बदलली, गर्दी तीच

ब्रिटनमध्ये मिडलंड रेल्वेने १८७५ साली सेकंड क्लास काढून टाकला, इतर कंपन्यांनीही हळूहळू तेच केले आणि फर्स्ट व थर्ड एवढेच दोन वर्ग उरले. मधली पायरी नसतानाही खालच्यांना ‘तिसरे’ म्हणण्याची सवय तिथे अनेक दशके टिकली. १९५६ साली त्या थर्डचे नाव सेकंड झाले. भारतातही १९५५ साली जुना फर्स्ट रद्द होऊन सेकंडचा फर्स्ट झाला आणि सेकंड-थर्डच्या मधल्या ‘इंटर’ वर्गाचा सेकंड. १९७४ साली थर्डही सेकंडमध्ये मिसळून गेला. एका रात्रीत कोट्यवधी उतारू तिसऱ्याचे दुसरे झाले. लाकडी बाक मात्र तेच राहिले.

त्या बाकाला हात घातला तो कोकणच्या खासदाराने. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेले, राजापूरमधून निवडून गेलेले मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. सेकंड क्लासच्या शयनयान डब्यातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई ते हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिच्यात वरचा-खालचा वर्गच ठेवला नव्हता. नाव बदलणे सोपे असते. दंडवत्यांनी सामान्य उतारूची पाठ टेकण्याची जागा बदलली. म्हणूनच भारतीय रेल्वेच्या इतिहासात हा निर्णय मला सर्वांत मोठ्या निर्णयांपैकी एक वाटतो.

पुढे १९९३ साली वातानुकूलित थ्री-टिअर डबे आले आणि लोकांनी त्यांना आपणहून ‘थर्ड एसी’ म्हणायला सुरुवात केली. आज मध्यमवर्गीय घरात ‘थर्ड एसीचे कन्फर्म झाले’ हे वाक्य समाधानाने उच्चारले जाते. म्हणजे लाज ‘थर्ड’ शब्दात नव्हतीच. चांगली सोय मिळताच तोच शब्द आपण आनंदाने वापरू लागलो.

थर्ड शिफ्ट

उपनगरांनी या शब्दाला दिलेला आणखी एक अर्थ कष्टाचा आहे. १९५० आणि १९५७ साली मुंबईच्या हद्दी वाढून मुलुंड-दहिसरपर्यंत पोचल्या. त्याच सुमारास आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कारखान्यांची रांग उभी राहत होती. विक्रोळीला गोदरेज, भांडुपला सीएट आणि जीकेडब्ल्यू, पलीकडे कांदिवलीला महिंद्र, अंधेरीला एमआयडीसी. ‘या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग थर्ड’ असे घराचे वेळापत्रक ठरू लागले. ‘बाबा थर्डला आहेत’ एवढे म्हटले की सगळे समजत. दुपारी घरात मोठ्याने बोलायचे नाही, रेडिओ बारीक ठेवायचा, जेवणाचा डबा रात्री भरायचा.

१९४८ च्या कारखाने कायद्याने रात्रीच्या पाळीत स्त्रियांना कामाला मनाई केली होती, त्यामुळे थर्ड शिफ्ट पुरुषांची ठरली. त्या पाळीची झळ मात्र बायकांनाही लागली. नवऱ्याची झोप, मुलांची शाळा आणि सासू-सासऱ्यांचे जेवण अशी तीन घड्याळे त्या एका खोलीत चालवत होत्या. पुढे बरेच कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी मॉल व टॉवर आले. आता अंधेरी-मालाडच्या कॉल सेंटरमधली मुले-मुली परदेशातल्या दिवसासाठी इथली रात्र जागवतात. या शहराच्या संपत्तीतला मोठा वाटा रात्री जागणाऱ्यांच्या घामातून आला आहे.

तिसऱ्याचा मान

कायद्याच्या भाषेत तिसरा हा संरक्षणाचा हक्कदार आहे. वाहनाच्या विम्यात मालक पहिला, विमा कंपनी दुसरी आणि रस्त्यावरून चालणारा अनोळखी माणूस तिसरा. त्याच्यासाठी ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे. क्रिकेटमध्ये तिसरा पंच म्हणजे अंतिम निकाल. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबानच्या कसोटीत दूरचित्रणाच्या आधारे बाद ठरलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. फ्रान्समध्ये क्रांतीआधी सामान्य प्रजेला ‘तिसरा वर्ग’ म्हणत आणि १७८९ साली त्याच वर्गाने आपण म्हणजेच राष्ट्र असे जाहीर केले. त्यावरूनच १९५२ साली आल्फ्रेद सोव्ही यांनी ‘तिसरे जग’ हा शब्दप्रयोग केला.

सर्वांत मोलाचा अर्थ १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नाल्सा) खटल्यात न्यायालयाने तृतीयपंथी नागरिकांची ‘थर्ड जेंडर’ म्हणून ओळख मान्य केली. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी त्या खटल्यात बाजू मांडली होती. इथे तिसरे असणे म्हणजे खालचे असणे नव्हे. स्त्री आणि पुरुष या दोन रकान्यांत न मावणाऱ्या माणसाला राज्यघटनेने दिलेली ती हक्काची जागा आहे.

हे सगळे अर्थ समोर ठेवले की ‘थर्डक्लास’ ही शिवी अन्यायाची वाटते. ज्यांच्या तिकिटावर हे दोन शब्द छापलेले होते, ते कोकणातून, देशावरून, खानदेशातून पोट भरायला मुंबईत आलेले आपले आजोबा-पणजोबा होते. त्यांनीच ही उपनगरे वसवली, इथल्या शाळा, वाचनालये आणि गणेशोत्सव मंडळे उभी केली. वस्तू वाईट असेल तर तिला टुकार म्हणावे, सुमार म्हणावे, रद्दी म्हणावे. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही. पण वाचकहो, ‘थर्डक्लास’ हा अपशब्द म्हणून वापरणे आपण आता थांबवले पाहिजे. रेल्वेने डब्यावरची पाटी काढली त्याला पन्नास वर्षे झाली. आपल्या बोलण्यातली पाटी आपल्यालाच काढावी लागेल.