गाडीचं घर, पण नळ कुठे?

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास सरला, की नर्मदा परिक्रमेच्या गाड्या निघू लागतात. पायी परिक्रमेचा काळ तीन वर्षं, तीन महिने नि तेरा दिवस असा सांगितलेला आहे. आपल्यासारख्या संसारी बायकांना तेवढी सवड कुठली? मग दोन कुटुंबं एकत्र येतात, एखादी मोठी गाडी ठरते, बाकांवर गाद्या पडतात, आणि ओंकारेश्वराला संकल्प करून पंधरा-वीस दिवसांचा संसार चाकांवर सुरू होतो. नदी उजव्या हाताला ठेवायची, तिचं पात्र ओलांडायचं नाही. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत ती १३१२ किलोमीटर वाहते, तेव्हा दोन्ही काठांचा प्रवास केवढा होतो ते तुम्हीच बघा. वाटेत गरुडेश्वरला टेंबेस्वामींची समाधी, महेश्वरला अहिल्याबाईंचे घाट. मन कसं भरून येतं!

आश्रम, धर्मशाळा मिळतात, पण रोज मिळतीलच असं नाही. कधी उशीर होतो, कधी जागा भरलेली असते, आणि रात्र गाडीतच काढावी लागते. निघण्यापूर्वी दशम्या, चटण्या, मेतकूट यांची तयारी आपण हौसेने करतो. नळ नसताना स्वच्छ कसं राहायचं, याचा विचार मात्र गाडी सुटल्यावर होतो. मग बहुतेक बायका एकच सोपा उपाय करतात. पाणी पिणंच कमी करतात, म्हणजे ‘जायला’ लागायला नको!

मैत्रिणींनो, तेवढं मात्र करू नका. पाणी वाचवायचं ते धुण्यापुसण्यात, पिण्यात नव्हे. बाकी सगळ्या युक्त्या या एका गोष्टीसाठीच आहेत.

आधी पाण्याचा हिशेब

चार माणसांना एक दिवस कुठेच पाणी मिळालं नाही, असं धरून चाला. पिण्यासाठी १२ लिटर, स्वयंपाकाला ६, हात-तोंड नि दात घासायला ५, भांड्यांना ३, अंग पुसायला ८ आणि शौचाला ४. झाले ३८ लिटर. म्हणजे ४० लिटर पाणी सोबत असलं की दोन लिटर अडीअडचणीला उरतं. पण वीस लिटरचा कॅन भरला की वीस किलोचा होतो, आणि तो उचलायला दर वेळी पुरुषमाणूस जवळ असेलच असं नाही. त्यापेक्षा दहा-दहा लिटरचे चार कॅन घ्या. दोन पिण्या-स्वयंपाकाचे, दोन वापरायचे. पिण्याच्या कॅनना लाल दोरा बांधा, म्हणजे अंधारातही घोटाळा व्हायचा नाही. शक्यतो खाली तोटी असलेलेच कॅन घ्या. पेला बुडवून पाणी घेतलं की हाताची सगळी घाण आत जाते.

वाटेत भरलेल्या पाण्याची खात्री नसेल तर ते खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या. गढूळ असेल तर आधी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या. शेगडी मात्र गाडीबाहेर पेटवायची. डिसेंबरात अमरकंटकला थंडी अंगात शिरते, म्हणून ऊब यावी यासाठी बंद गाडीत शेगडी ठेवून झोपण्याचा मोह होतो. तिच्या विषारी वायूला वास नसतो नि झोपेतच जीव जातो. पांघरुणं दोन जास्त घ्या, पण शेगडी आत नको.

दोन लिटरची अंघोळ

दोन लिटर कडकडीत पाणी स्टीलच्या छोट्या बादलीत घ्या आणि अंगाला सोसेल इतकं निवू द्या. गाडीच्या मागच्या दारावर जुनी गडद साडी दुहेरी करून बांधा, झाला आडोसा. परकर छातीशी बांधून अंघोळ करायची सवय पुष्कळजणींना असतेच, ती इथे कामी येते. पंचा बुडवून पिळायचा नि क्रमाने पुसत जायचं. आधी तोंड-मान, मग काखा, छातीखालची घडी, पोट, जांघा आणि सर्वांत शेवटी पावलं. साबण लावायचाच तर काखा-जांघांपुरता, तोही नखाएवढा. पुढे अर्धं पाणी साबण काढण्यासाठी राखून ठेवा.

पुसण्याइतकंच कोरडं करणं महत्त्वाचं. घड्यांमध्ये ओल राहिली की गजकर्ण झालंच म्हणून समजा. दिवसभर गाडीत बसून घाम येतो, म्हणून आतले कपडे सुतीच असू द्यात, नि रोज बदला. केसांना निघण्यापूर्वी न्हाऊन घट्ट वेणी घाला, प्रवासात डोक्याला रुमाल बांधा, आणि नळ असलेला मुक्काम मिळेल त्या दिवशीच पुन्हा न्हा, तेही दुपारी उन्हात.

हात धुण्यासाठी एक सोपी सोय करा. बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोक पाडून ती उलटी टांगा; बारीक धारेने वाटीभर पाण्यात हात साबणाने स्वच्छ धुतले जातात. हातावर चोळायचं औषधी द्रव आता प्रत्येकीच्या पर्समध्ये असतं, पण तेलकट नि मळक्या हातांवर ते नीट काम करत नाही. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबण-पाणीच हवं.

सांगायला संकोच वाटतो ते

पुरुषांना काय, झाड दिसलं की गाडी थांबते. आपण मात्र तासन्‌तास दाबून बसतो. पाणी कमी प्यायचं नि लघवी तुंबवून धरायची, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग व्हायला वेळ लागत नाही. पाळी गेलेल्या बायका नि मधुमेही यांना तर तो लवकर गाठतो. म्हणून निघतानाच सर्वांसमोर स्पष्ट ठरवून टाका: दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबेल, कुणी सांगो वा न सांगो. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असतं, तिथे थांबलात तर प्रत्येकीने जाऊन यायचं. ‘मला नाही लागली’ हे उत्तर चालणार नाही! सासूबाई किंवा वन्सं संकोचाने बोलणार नाहीत, तेव्हा तुम्हीच आधी उतरा.

रात्री एकटीने शेतात जाण्यापेक्षा घट्ट झाकणाची एक बादली गाडीत पडद्याआड ठेवा. तळाशी लाकडाचा भुसा पसरला की वासही येत नाही. सकाळी ती संडासात रिकामी करायची, नदीकाठी किंवा ओढ्यात नव्हे. जिथे संडासच नाही तिथे खुरप्याने वीतभर खोल खड्डा करा, पाण्यापासून निदान शंभर पावलं दूर, आणि वर माती लोटा. धुताना-पुसताना हात पुढून मागे न्यायचा, हे मुलींनाही शिकवा.

लघवीला जळजळ होत असेल, सारखं जावंसं वाटत असेल, तर पुढच्याच गावात डॉक्टर गाठा. ताप, थंडी, कमरेत कळ किंवा लघवीतून रक्त असेल तर एक तासही दवडू नका. ‘परिक्रमा पुरी झाल्यावर बघू’ म्हणण्यासारखं हे दुखणं नाही, ते मूत्रपिंडापर्यंत जातं.

पाळीचे दिवस

यात्रेला निघताना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या शेजारणीने सांगितल्या म्हणून दुकानातून आणायच्या, ही पद्धत वाईट. ज्यांना पूर्वी रक्ताची गाठ झाली आहे, यकृताचा आजार आहे, किंवा स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाले आहेत, त्यांना या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा. आणि पाळी आलीच तर आली! त्यासाठी कुणी गाडीत वेगळं बसायला नको नि तोंड लपवायला नको. दर चार-सहा तासांनी पॅड बदला, वापरलेलं कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, नि शहर आलं की कचरापेटीत टाका. जमिनीत पुरायचं नाही, नदीत तर मुळीच नाही.

भांडी नि कपडे

जेवण पत्रावळीवर, स्वयंपाक कुकरमध्ये. भांडी निम्मी होतात. खरकटं भांडं आधी कागदाने पुसून काढलं की धुवायला तांब्याभर पाणीही पुरतं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला, तेच पुढे चिखलाचे पाय धुवायला. हे आपल्याला नवं नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. दुष्काळी भागातल्या बायकांना एकच पाणी दोनदा-तीनदा वापरायला कुणी शिकवावं लागत नाही.

कपड्यांसाठी घट्ट झाकणाचा रुंद तोंडाचा डबा घ्या. पाणी भरून मिळालं की त्यात तीन लिटर पाणी, चमचाभर पावडर नि आतले कपडे टाकून झाकण लावा. रस्त्याचे खड्डे तुमचं धुणं धुऊन देतात! तासाभराने एकदा खळबळून काढायचे नि थांबाल तिथे उन्हात वाळत घालायचे. दमट कपडा कधीही घालू नका.

माईच्या पाण्यात साबण नको

परिक्रमेत नर्मदेत स्नान करायचं ते साबणाशिवाय, असा नियमच आहे. तो नुसता सोवळ्याचा समजू नका. खालच्या घाटावर कुणीतरी तेच पाणी प्यायला भरत असतं. साबण लावायचा असेल किंवा कपडे धुवायचे असतील तर बादलीने पाणी काढून काठापासून दूर न्या, नि वापरलेलं पाणी मातीत ओता. जुनं लुगडं, निर्माल्य, प्लास्टिक, काहीही पात्रात सोडायचं नाही. आपण स्वच्छ व्हायचं नि नदीला मळवायचं, याला पुण्य कोण म्हणेल?

पिशवीत एवढं असू द्या

दहा लिटरचे चार कॅन, स्टीलची छोटी बादली नि तांब्या, दोन पंचे, आडोशाची जुनी साडी, झाकणाची बादली नि भुसा, खुरपं, धुण्याचा डबा, दोरी नि चिमटे, साबणाची वडी, आतल्या कपड्यांचे सहा जोड, पॅड, जुने कागद, बॅटरी आणि रोजची औषधं.

आणि प्रत्येकीच्या हाताशी पिण्याच्या पाण्याची स्वतःची एक बाटली. ती दिवसातून दोन-तीनदा भरावी लागली, तरच स्वच्छतेची बाकीची सगळी खटपट कारणी लागली म्हणायची.