थोडक्यात म्हणजे किती?

४ जून २०२४ ला हातकणंगले लोकसभेचा निकाल लागला. धैर्यशील माने सरूडकरांना १३,४२६ मतांनी हरवून निवडून आले आणि चहाच्या गाड्यांवर एकच वाक्य फिरू लागलं, ‘सरूडकर थोडक्यात गेले.’ बरोबरच होतं. शेजारच्या कोल्हापुरात शाहू छत्रपतींचं मताधिक्य १,५४,९६४ होतं, त्यापुढे १३ हजार म्हणजे किरकोळच.

पाचच दिवसांनी, ९ जूनला, चहूबाजूंनी इटलीनं वेढलेल्या सान मारिनोनं आपली संसद निवडली. तिथली मतदारयादी ३७ हजारांच्या आसपास, त्यातले जेमतेम निम्मे मतदानाला आले. म्हणजे आपल्या ‘थोडक्यात’मध्ये त्या देशाचं जवळपास पाऊण मतदान संपलं. शाहू छत्रपतींच्या मताधिक्यात तर तिथली अख्खी यादी चार वेळा बसते.

देशाचं क्षेत्रफळ ६१ चौरस किलोमीटर. कोल्हापूर महापालिकेची हद्द ६६.८२. आपल्या हद्दीत २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाख माणसं होती, तिथं आज ३४ हजार. मतदार ३७ हजार आणि रहिवासी ३४ हजार? आपल्याकडे लगेच बोगस नावांची तक्रार झाली असती. तसं काही नाही. पोटापाण्यासाठी परदेशी गेलेल्यांची नावं यादीत राहतात, पण मत द्यायला मात्र गावी यावं लागतं. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या भरून येतात, तसंच म्हणा. फक्त सगळे येत नाहीत.

एवढ्याशा देशाच्या संसदेत ६० सदस्य आहेत. एका सदस्यामागे सहाशेच्या थोडे वर मतदार. २०२४ ला आपल्या एका मतदान केंद्रावर दीड हजारांपर्यंत मतदार असायचे. त्यांच्या मापानं शाळेच्या एका खोलीतून जवळजवळ अडीच खासदार निघाले असते. हेच माप २०२४ च्या ९६.८८ कोटी मतदारांना लावलं तर लोकसभेत साडेपंधरा लाखांहून जास्त खासदार बसवावे लागतील. प्रत्येकानं एकच मिनिट बोलायचं ठरवलं, रात्रंदिवस सभागृह चालवलं आणि कुणी गोंधळ घातला नाही (हे गृहीत धरणंच मोठं धाडस), तरी एक फेरी पुरी व्हायला जवळपास तीन वर्षं लागतील.

त्यांचे राष्ट्रप्रमुख दोन असतात, तेही सहा महिन्यांपुरते. दर १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला नवी जोडी, ही रीत १२४३ पासूनची. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढं पाच वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. तेवढ्यात सान मारिनोत दहा जोड्या आल्या, म्हणजे वीस राष्ट्रप्रमुख. आपल्याला एक महापौर मिळेना.

आपल्या अवाढव्य मतदारसंघात खर्चही डोईमागे किरकोळच. लोकसभेच्या उमेदवाराला मर्यादा ९५ लाखांची. कोल्हापूर मतदारसंघात मतदार १९ लाखांवर, म्हणजे डोईमागे पाच रुपये. तेवढ्यात कोल्हापूरच्या गंगावेशीत कटिंग चहाही येत नाही. मतदाराला उमेदवार दिसतो तो फ्लेक्सवर, नाहीतर गाडीच्या टपावरून हात हलवताना.

सान मारिनोसारखी मोजक्या मतदारांची निवडणूक बघायची असेल तर लोकसभा सोडा, कोल्हापूरच्या ‘गोकुळ’ दूध संघाकडे या. तिथं मत दूध घालणाऱ्या प्रत्येकाला नसतं. गावची दूध संस्था ठराव करून एकाचं नाव पाठवते, तो ठरावधारक मत देतो. २ मे २०२१ ला, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, २१ संचालकांसाठी मतदान झालं. सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ यांच्या आघाडीनं १७ जागा घेत सत्ता पालटली. मतदार होते ३,६५०. एका संचालकामागे १७४. कुठल्या गावचा ठराव कुणाच्या नावावर, त्याचा मेहुणा कुठल्या गटात, गेल्या वेळी तो कुणाच्या गाडीतून आला, हे दोन्ही बाजूंच्या वहीत लिहिलेलं असतं. त्या वहीपुढं सान मारिनोची यादीसुद्धा लोकसभेएवढी अवाढव्य वाटते.