कोरड आणि ओढ

‘कृष्ण’चा कान्हा झाला, ‘उष्ण’चं ऊन झालं आणि ‘तृष्णे’ची तहान झाली. तिन्हींमागे नियम एकच. संस्कृतातल्या ‘ष्ण’ या जोडाक्षराचा प्राकृतात ‘ण्ह’ झाला: कण्ह, उण्ह, तण्हा. त्यातला ‘ह’ उन्हाळ्यात टिकला, उन्हातून मात्र कधी गळतो, कधी परत डोकावतो. तहानेचंही तसंच. पुस्तकात ती ‘तहान’, पण गावाकडे आणि कोकणीत सरळ ‘तान’ लागते.

तृष्णेच्याही मागे गेलं तर मोठं गोत सापडतं. फारसी ‘तश्ना’ (गझलेतली तश्नगी त्यातलीच), जर्मन ‘दुर्स्ट’, इंग्रजी ‘थर्स्ट’ ही सारी तिचीच भावंडं. भाषाशास्त्रज्ञांनी या सगळ्यांच्या तुलनेतून ‘तेर्स्’ असा एक मूळ धातू मांडला आहे. तो कुठल्या शिलालेखात कोरलेला नाही, केवळ अनुमानाने उभा केलेला आहे. त्याचा अर्थ वाळणं, कोरडं पडणं. लॅटिनमध्ये त्याच धातूपासून भाजण्याचं क्रियापद झालं आणि त्यातून पुढे ‘टोस्ट’ आला. म्हणजे चहात बुडवायचा टोस्ट हा तहानेचा दूरचा चुलतभाऊ.

संस्कृतात मात्र दुसराही शब्द होता: पिपासा. ‘ज्ञा’पासून जिज्ञासा, तशी ‘पा’पासून पिपासा, म्हणजे पिण्याची इच्छा. हिंदीतली ‘प्यास’ तिथूनच आली. या शब्दात कोरडेपणाचा मागमूस नाही, आहे ती निव्वळ ओढ. चरकसंहितेत तर दाबून ठेवू नयेत अशा 13 नैसर्गिक वेगांमध्ये पिपासा मोजली आहे आणि तृष्णेला रोग मानून चिकित्सेचा वेगळा अध्याय दिला आहे.

तहान म्हणजे घशाची कोरड की डोक्यातली ओढ, यावर शरीरशास्त्रज्ञही बराच काळ भांडले. अमेरिकेचे वॉल्टर कॅनन यांनी 1918 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कोरडीची बाजू मांडली. शरीरातलं पाणी घटलं की लाळ कमी होते, घसा सुकतो; तीच तहान, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला पटतं, कारण आपणही घशावरच हात ठेवून पाणी मागतो. पण अडचण जुनीच होती. 19व्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी तहानलेल्या घोड्याची अन्ननलिका मध्येच उघडली. घोडा प्यायचा, पाणी गळ्यातूनच बाहेर पडायचं. तोंड-घसा चिंब, तरी तो दमेपर्यंत पीत राहायचा, थांबायचा आणि पुन्हा प्यायला लागायचा. (आज कुठलीही समिती या प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते बरंच आहे.)

1937 मध्ये आल्फ्रेड गिलमन यांनी काही कुत्र्यांच्या शिरेत मिठाचं तीव्र द्रावण सोडलं, तर काहींच्या शिरेत तितक्याच तीव्रतेचं युरियाचं. मीठवाले बरंच जास्त पाणी प्यायले. युरिया पेशींच्या आत शिरतो; मीठ बाहेरच राहतं आणि कैरीच्या फोडींना लावल्यावर करतं तेच करतं, आतलं पाणी ओढून काढतं. पेशी आक्रसतात आणि तहान लागते. मग 1953 मध्ये स्वीडनच्या बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांच्या मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये, खारट द्रावणाचा जेमतेम थेंब सोडला. शरीरात पाण्याची कमतरता नसतानाही शेळ्या पाण्यावर तुटून पडल्या. कौल पिपासेच्या बाजूने लागला.

आता तो भाग अधिक नेमका माहीत आहे. मेंदूत काही ठिकाणी रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी जवळजवळ नसते. तिथल्या पेशी रक्ताचा खारटपणा थेट चाखतात. तो 1 ते 2 टक्क्यांनी जरी वाढला तरी पाण्याची आठवण होते.

मग प्रश्न उरतो तो थांबण्याचा. प्यायलेलं पाणी रक्तात पुरेसं मिसळायला दहा मिनिटं तरी जातात. आपली तहान मात्र मिनिटभरात भागते. कॅलिफोर्नियातल्या झॅकरी नाइट यांच्या गटाने 2016 मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या या पेशींवर नजर ठेवली. उंदीर पिऊ लागताच, रक्त अजून तितकंच खारट असताना, त्या शांत होऊ लागल्या. नुसता गार धातू चाटायला दिला, तरीही त्यांची धग थोडी उतरली. कॅनन अगदीच चुकले नव्हते तर! तोंड आणि घसा तहान लावत नसतील, पण ती भागल्याची आगाऊ वर्दी तेच देतात. माठातलं पाणी कोमट पाण्यापेक्षा जास्त समाधान देतं, त्यामागे हेही एक कारण असावं.

वय वाढलं की कोरड आणि ओढ यांची फारकत होते. सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्यावरच्या कित्येक गोळ्यांनी तोंड सुकतं, शरीराला पाणी कमी पडलेलं नसलं तरी. उलट रक्त खारट होऊनही सत्तरीच्या माणसाला हवी तितकी तहान लागत नाही. वैशाखात आजोबांना ‘पाणी हवंय का?’ असं विचारलं, तर ते ‘नको’ म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात.