खोक्यावरचे वॅट आणि गाडीतले वॅट

मागच्या भागात आपण दारातल्या स्पीकरबद्दल बोललो. त्यानंतर बडोदा, हैदराबाद, बेळगाव, रायपूर अशा सगळीकडून एकच प्रश्न आला, "सर, अ‍ॅम्प्लिफायर कुठला घेऊ?" कंपनीचं नाव मी सांगणार नाही, ते दर दोन वर्षांनी बदलतं. खोकं हातात घेतल्यावर काय वाचायचं आणि काय वाचून हसायचं, ते मात्र सांगतो.

हसण्याजोगी गोष्ट आधी. गाडीत कंपनीने दिलेला किंवा बाजारातून बसवलेला स्टिरिओ घ्या. त्यावर '५० वॅट गुणिले ४' असं छापलेलं असतं. मग माणूस म्हणतो, दोनशे वॅट आहेत की, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर कशाला? आता हिशेब करू. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्टच्या आसपास वीज असते. स्टिरिओतल्या चिपकडे तेवढंच भांडवल. १४.४ चा वर्ग भागिले स्पीकरचे ४ ओहम, म्हणजे जवळपास ५२. हाच तो पन्नासचा आकडा! पण एवढी ताकद मिळते ती लहरीचे शेंडे-बुडखे छाटून तिची चौकोनी भिंत केली तर. तो सूर राहत नाही, घरघर होते. स्वच्छ लहर काढायची तर गणिताची कमाल मर्यादा २६ वॅट, आणि चिपमधली गळती वजा जाता हातात सतरा-अठरा वॅट पडतात. वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात बारा व्होल्टचे जास्त व्होल्ट करणारा विभाग असतो, म्हणून तो या मर्यादेच्या पलीकडे जाऊ शकतो. त्याचे पैसे द्यायचे ते यासाठी.

मी या भानगडीत का पडलो? मी तोफखान्यातला माणूस. आमच्या वेळी कानात कापसाचा बोळा हेच संरक्षण, आणि तोही घालायचा नाही अशी शेखी. परिणाम असा की माझे वरचे स्वर गेले. स, श, त, क ही व्यंजनं मला पुसट ऐकू येतात. महूहून देवळालीला गाडीने जाताना मी आवाज वाढवायचो, स्टिरिओ फाटायचा, फाटला की शब्द आणखी कळायचे नाहीत, की मी आणखी वाढवायचो. बायको खिडकीकडे तोंड करून बसायची. मला मोठा आवाज नको होता, न फाटणारा हवा होता.

आणि मग मी अडाण्यासारखा '३००० वॅट' लिहिलेला अ‍ॅम्प्लिफायर घेतला. दुकानाचं नाव घेत नाही. घरी आल्यावर त्याचा फ्यूज पाहिला, ३० अ‍ॅम्पिअर. तीस गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट. बॅटरीतून आतच एवढे जाणार असतील तर बाहेर तीन हजार कुठून येणार? आत गेलेल्यातलं काही उष्णतेत जातं. जुन्या पद्धतीच्या एबी वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये साधारण निम्मं, डी वर्गात पाचवा हिस्सा. म्हणजे माझे ३००० वॅट हे खरे दोन-सव्वादोनशे. दुकानात उभ्याउभ्या हा हिशेब करा. फ्यूजचे अ‍ॅम्पिअर गुणिले १४.४, त्याचे एबीला निम्मे, डीला ऐंशी टक्के. छापलेला आकडा याच्या फार पुढे असेल तर खोकं परत ठेवा. 'मॅक्स', 'पीक', 'पीएमपीओ' हे शब्द दिसले की पुढचं वाचू नका. 'आरएमएस' शोधा, आणि त्याच्याजवळ किती ओहमला, किती व्होल्टला आणि किती टक्के विकृतीला, हे लिहिलं आहे का पाहा. सीईए-२००६ नावाचं अमेरिकन मानक आहे. त्यातलं २००६ हे साल नव्हे, क्रमांक आहे. मानक २००३ सालचं. हल्ली त्याला सीटीए-२००६ असंही म्हणतात. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि एक टक्क्याहून जास्त विकृती नाही, अशा अटीवर ताकद मोजतात. तो शिक्का असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

या मानकात आवाज आणि खरखर यांचं गुणोत्तर एका वॅटला मोजतात. त्यामुळे प्रामाणिक अ‍ॅम्प्लिफायरवर ८३ डेसिबल लिहिलेलं दिसतं आणि शेजारच्या खोक्यावर १०० दिसतं. शेजारच्याने कदाचित पूर्ण ५० वॅटला मोजलं असेल, आणि ५० वॅट म्हणजे एका वॅटच्या वर १७ डेसिबल. दोन्ही सारखेच निघाले!

आता किती घ्यायचे? चार दारांना चार चॅनेल, प्रत्येकी ४ ओहमला ५० ते ६० वॅट आरएमएस. साध्या हॅचबॅकला हे भरपूर झालं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे जेमतेम कळेल एवढा. म्हणून ५० ऐवजी ७५ साठी जास्त पैसे मोजू नका. ते पैसे वायरीत घाला. प्रकार डी घ्या. सीटखाली मावतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात कमी तापतो. डीचा आवाज कोरडा, ही तक्रार जुनी झाली. हाय-पास फिल्टर आतच असावा, तो ८० हर्ट्झला लावला की दारातल्या छोट्या स्पीकरवर ढोलाचं ओझं पडत नाही. गाडीचा मूळ स्टिरिओ ठेवायचा असेल तर 'हाय लेव्हल इनपुट' हवंच. सबवूफर लावणार असाल तर ओहम तपासा. ४ ओहमचे दोन समांतर जोडले की २ ओहम होतात आणि अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट प्रवाह द्यायला बघतो. त्याला २ ओहम चालतं असं लिहिलेलं नसेल तर तो तापून बंद पडेल.

वायरीवर मी जरा वेळ घेणार आहे. त्याच ३००० वॅटवाल्याची गोष्ट. सेंधव्याचा घाट उतरून आम्ही शिरपूरकडे निघालो होतो. बायको पुढे, नात मागे झोपलेली. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर बॅटरीपासून आत जाणाऱ्या लाल वायरीचं आवरण वितळत होतं. बसवणाऱ्याने पत्र्याच्या भोकात रबरी बुच न घालता ती आत ओढली होती. पत्र्याच्या धारेने आवरण कापलं आणि तांबं बॉडीला टेकलं. "फ्यूज होता ना?" असं तुम्ही विचाराल. होता, पण डिक्कीत, अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी. बॅटरी आणि डिक्की यांच्यामधल्या चार-पाच मीटर वायरीचा राखणदार कोणीच नव्हता, आणि कारची बॅटरी शॉर्ट झाल्यावर शेकडो अ‍ॅम्पिअर देते. नातीला उचलून बाहेर काढलं, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं टर्मिनल सोडवलं, तेव्हा धूर थांबला. ही चूक माझीही. तो वायरी ओढत होता तेव्हा मी समोरच चहा पीत बसलो होतो.

तेव्हा, मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दोन वितींच्या आत. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी बुच. वायर अस्सल तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांबं म्हणून खपवतात. टोकाचे दोन तंतू ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा. जाडी इंचपट्टीच्या गेजमध्ये सांगतात, आपल्या इलेक्ट्रिशियनच्या भाषेत ८ गेज म्हणजे सुमारे ८ चौरस मिलिमीटर, ४ गेज म्हणजे २१. आपल्या दोनशे वॅटच्या डीला पूर्ण जोरातही सतराएक अ‍ॅम्पिअर लागतात, त्याला ८ गेज पुरते. काळी वायर मात्र आखूड, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट आवळलेली. ती ढिली राहिली की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते. लोक त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बदलतात!

आता 'गेन'ची खुंटी. ती आवाज वाढवायची नाही, स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची पातळी जुळवायची आहे. बास-ट्रेबल शून्यावर, स्टिरिओचा आवाज पाऊण, गेन अगदी खाली. ओळखीचं गाणं लावून हळूहळू वाढवा, फाटायला लागलं की किंचित मागे घ्या. फाटलेपण वरच्या स्वरांत आधी कळतं, आणि तिथेच माझे कान बाद. म्हणून आमच्या गाडीचा गेन नातीने लावला आहे. ती "आजोबा, थांबा" म्हणाली, मला तर काहीच कळलं नव्हतं.

आणखी एक आकडा. कामाच्या जागी कानाला ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ डेसिबलला एक तास. मघाशी सांगितलेलं आठवा, वॅट दुप्पट म्हणजे ३ डेसिबल. खुंटी पिळून वॅट दुप्पट केले की कानाचा वेळ निम्मा झाला. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप असतं, ते फार अचूक नसलं तरी अंदाज येतो. आमच्याकडे आता मी नाही, नात बघते तो आकडा.

शेवटी रायपूरच्या काकूंचा प्रश्न, याने गाडीची वॉरंटी जाते का? मूळ वायरी कापल्या तर विजेच्या बिघाडावर कंपनी हात वर करू शकते. म्हणून तुमच्या मॉडेलचे तयार कपलर मागा. ते मूळ सॉकेटमध्ये बसतात, एकही वायर कापावी लागत नाही. आणि बसवताना समोर उभ्या राहा, चहा नंतर प्या.