लेख वाचावा, मूर्तीही पाहावी

माघ पौर्णिमेच्या सुमारास उळवीला चन्नबसवेश्वराची यात्रा भरते. धारवाड-बेळगावकडच्या बैलगाड्या जोयड्याच्या रानातून वाट काढत येतात. इ. स. ११६७-६८ च्या सुमारास कल्याणात उलथापालथ झाली आणि शरण मंडळी इकडे आली, असे परंपरा सांगते. त्याच काळात खानापूर तालुक्यातील हलशी येथे गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी होती. दगडावरचा इतिहास कसा वाचावा, याचा धडा हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात मिळतो.

तेथील शिलालेखानुसार इ. स. ११६९ मध्ये पेर्माडी राजाच्या हस्ते नरसिंहाची स्थापना झाली. या राजाचे बिरुद ‘शिवचित्त’. पुढे त्याचा भाऊ ‘विष्णुचित्त’ विजयादित्य याने वराहमूर्ती बसविली. नुसते बिरुद वाचणारा राजाला कट्टर शैव म्हणेल. नुसती मूर्ती पाहणारा वैष्णव ठरवील. लेख आणि मूर्ती शेजारी ठेवल्या की कळते, शिवभक्त राजाच विष्णूचे देऊळ सजवीत होता.

अक्षरओळख नसलेल्यांसाठीही शिल्पकाराने सोय केली आहे. दानलेखावरील सूर्य-चंद्र सांगतात, ते असेतो हे दान चालावे. गधेगाळावरील चित्र म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. वीरगळ खालून वर वाचावा: तळाला लढाई, वर स्वर्गारोहण, माथ्यावर शिवपूजा.

आता भाषेचा प्रश्न. अक्षीचा शके ९३४ चा लेख मराठी आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात कानडी लेख आहेत, तसाच यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा संस्कृत लेखही आहे. म्हणून खिद्रापूरचे गावकरी घरात संस्कृत बोलत होते, असे कोणी म्हणेल काय? लेखाची भाषा ही तो कोरविणाऱ्याची निवड असते. तेवढ्यावरून गावाची बोली ठरत नाही.

सीमाभागातील आपली मागणी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या तत्त्वांवर उभी आहे. ती आज नांदणाऱ्या माणसांची आहे. तिला आठशे वर्षांपूर्वीच्या दगडाचा टेकू नको. तेव्हा गावात कानडी लेख निघाला तर तो लपवू नये आणि मराठी निघाला तर फक्त मिरवण्यापुरता वापरू नये. दोन्ही आपल्याच गावाचे आहेत.

जीर्णोद्धार करताना लेखाला ऑइलपेंट फासू नका, त्याची पायरी करू नका, मूर्तीजवळून तो हलवू नका. जागा बदलली की अर्धा पुरावा गेला. लेख आणि मूर्ती एकत्र दिसतील असा फोटो काढून शाळेत ठेवा. पुढच्या पिढीत तो वाचणारा कोणी तरी निघेलच.