चिखलांतील पाउलें कशीं टिकलीं?

समुद्रकिनाऱ्यावर सकाळीं उमटलेलें पाऊल सायंकाळपर्यंतहि टिकत नाहीं, हा नित्याचा अनुभव आहे. असें असतां कोट्यवधि वर्षांपूर्वीं डायनोसॉर नांवाचे प्राणी ज्या चिखलांतून चालून गेले, त्यांतील त्यांचीं पाउलें दगडांत अद्यापि कशीं दिसतात? प्राणी वजनदार म्हणून ठसा खोल, एवढ्यानें हें कोडें सुटत नाहीं. कारण ठसा कितीहि खोल असला, तरी लाट आली कीं मऊ चिखल ढासळणारच.

स्वित्झर्लंडमधील ज्युरा प्रांतांत ए-१६ हा महामार्ग बांधतांना त्याच्या वाटेवरील जमिनीचें शास्त्रीय उत्खनन करण्यांत आलें. २००२ सालीं कूर्तदू या खेड्याजवळ डायनोसॉरांचीं पाउलें सांपडलीं आणि पुढील कांहीं वर्षांत हजारों ठसे उजेडांत आले. ते सुमारें १५ कोटि २० लक्ष वर्षांपूर्वींचे आहेत. लांब मानेचे शाकाहारी चतुष्पाद आणि तीन बोटांचे मांसाहारी द्विपाद, असे दोन्ही प्रकारचे प्राणी तेथून गेले होते. आजचा हा डोंगराळ प्रदेश त्या काळीं उथळ, उबदार समुद्राचा सपाट किनारा होता.

तापविलेल्या दुधावर साय धरते, तशीच अशा किनाऱ्यावरील ओल्या चिखलावर सूक्ष्मजीवांची पातळ साय धरते. तींत सूर्यप्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करणारे नीलहरित जीव मुख्यत्वें असतात. त्यांचे केसाहून बारीक तंतु एकमेकांत गुंततात, चिकट द्रव पाझरतो आणि चिखलाचे सुटे कण बांधले जातात. या सायीवर पाय पडला, तर ती दबते, परंतु सहसा ढासळत नाहीं. ऊन लागून ठसा सुकतो. पुन्हां पाणी आलें, कीं सूक्ष्मजीव वाढून ठशाच्या तळावर व कडांवर नवी साय पसरवितात. सायीच्या आश्रयानें चुना सांचून ठसा हळूहळू कठीण होतो. मग वादळानें वर गाळाचा थर टाकला, तरी खालील ठसा मोडत नाहीं.

हें केवळ अनुमान नव्हे. मार्टी, श्ट्रासर व मायर या शास्त्रज्ञांनीं हल्लींच्या किनाऱ्यांवरील अशाच सायींत उमटलेल्या मानवी पाउलांचा अभ्यास करून २००९ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. साय बेताची ओली असेल, तर बोटेंदेखील स्पष्ट उमटतात. ती पाण्यानें भरलेली असेल, तर ठसा अस्पष्ट राहतो. शिवाय नव्यानें वाढणारी साय ठशाच्या कडा बुजवून त्याचा आकार बदलते.

ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर यांनीं १९७६ सालीं असा ठोकताळा मांडला कीं, डायनोसॉरची कमरेपर्यंतची उंची त्याच्या पाउलाच्या लांबीच्या सुमारें चौपट असते. चालण्याचा वेग काढतांनाहि ही उंची विचारांत घेतात. म्हणजे ठसा मोजण्यांत एका बोटाची चूक झाली, कीं प्राण्याच्या उंचींत चार बोटांची चूक होते. जिच्यामुळें ठसा वांचला, त्या सायीनेंच तो किती बदलला, हें पाहिल्यावांचून त्याचें माप खरें मानतां येत नाहीं.