दाराबाहेरचे आईबाप

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेजारच्या मावशींचा दहा वर्षांचा मुलगा बापाच्या माराला भिऊन घरातून निघून गेला. चौथ्या दिवशी निरोप आला, की तो एका मोठ्या जंक्शनवर रेल्वे पोलिसांना सापडला असून परजिल्ह्यातील एका बालगृहात आहे. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. त्यांना लिहितावाचता येत नाही. "तू कालेजात शिकतोस, तूच चल माझ्यासंगं," त्या म्हणाल्या आणि पहाटेच्या एस. टी. ने आम्ही निघालो. संध्याकाळपर्यंत पोराला घेऊन परतू, या हिशेबाने त्यांनी दोन भाकरी जास्त बांधून घेतल्या होत्या. मूल घरी यायला एकतीस दिवस लागले. त्या दिवसांत जे पाहिले आणि मागाहून वाचून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

बालगृहाच्या दारातच मावशींनी मला विचारले, "पोरानं चोरी केली का रे?" हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नव्हे. अशा प्रत्येक संस्थेला 'रिमांड होम' म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि रिमांड म्हटले की गुन्हा आलाच! वास्तविक कायद्याने दोन वाटा निराळ्या केल्या आहेत. ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. जे हरवले, पळाले, टाकले गेले किंवा ज्याचा घरी छळ होतो, ते बाल कल्याण समितीपुढे येते. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला. केंद्राचा कायदा १९८६ मध्ये आला आणि बाल कल्याण समिती ही रचना २००० सालच्या कायद्याने. आज २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू आहे.

समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. सदस्यांत निदान एक स्त्री असावीच लागते. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार समितीला आहेत. सापडलेले मूल, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत तिच्यापुढे हजर करायचे. मग पंधरा दिवसांत घरची सामाजिक चौकशी पुरी व्हावी आणि मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश निघावा, अशी तरतूद आहे. त्या आदेशाच्या वेळी निदान तीन सदस्य हजर हवेत.

कागदावर हे सारे सुटसुटीत दिसते. दाराबाहेर बाकावर बसलेल्या आईला मात्र ते तसे दिसत नाही. पहिल्या खेपेस आमचे कागद अडले. रेशनकार्डावर मुलाचे घरचे नाव, तर शाळेच्या दाखल्यावर दुसरेच. दुसऱ्या खेपेस मुख्याध्यापकांचे पत्र नेले, तर चौकशीचा अहवाल आलेला नव्हता. तिसऱ्या खेपेस अहवाल होता, पण सदस्य दोनच होते. बायकांना एस. टी. चे तिकीट अर्धे असले, तरी प्रत्येक खेपेला कामाचा खाडा पडे आणि दोन घरची कामे मावशींच्या हातची गेली. कायद्याच्या हिशेबाने एकतीस दिवस म्हणजे काम लवकरच झाले!

पहिल्याच खेपेस मी तावातावाने म्हणालो होतो, "आईला तिचं मूल द्यायला चौकशी कशाला हवी?" सदस्य असलेल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याच्या पाठीवरचे वळ तुम्ही पाहिलेत का? आणि घरी जायचं का विचारलं, तर तो 'नाही' म्हणतो." मी गप्प झालो. वळ मला ठाऊक होते. आमच्या साऱ्या आळीला ठाऊक होते. आम्ही कुणी कधी मध्ये पडलो नव्हतो. चौकशी हवीच होती, हे आज मला पटते.

पण मावशींना तिचा अर्थ कुणी सांगितला नाही. एका अर्जावर अंगठा मागितला तेव्हा त्या रडू लागल्या. अंगठा दिला म्हणजे पोरगा सरकारजमा, असे त्यांना कुणी सांगितले होते. तो अर्ज केवळ भेटीचा होता. मूल कायमचे सोपवण्याची रीत अगदी वेगळी आहे. तीसाठी आईबापांनी स्वतः समितीपुढे यावे लागते, त्यांचे समुपदेशन होते, आणि लेख करून दिल्यावरही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. उलट, मुलाला शक्यतो त्याच्या कुटुंबात परत न्यावे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, हे या अधिनियमाचेच तत्त्व आहे. जी समिती मूल घरी पोचवण्यासाठी आहे, तीच ते हिरावून घेते असे आईला वाटावे, याइतकी खेदाची गोष्ट कोणती?

चौथ्या खेपेस मुलाचा बापही आला. मान खाली घालून त्याने प्रश्नांची उत्तरे दिली, हमीपत्र लिहून दिले, आणि देखरेखीच्या अटीवर मूल आमच्या स्वाधीन झाले.

पालकांना आणखी काही गोष्टी ठाऊक असाव्यात. समितीचा आदेश मान्य नसेल, तर तीस दिवसांत अपील करता येते. कामकाजाविषयी तक्रार असल्यास ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे नेता येते. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. मावशींना हे कुणी सांगितले नाही, कारण त्यांच्याबरोबर गेलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यालाच ते ठाऊक नव्हते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकातील दोघे-तिघे आठवड्यातून एक दिवस जिल्ह्याच्या समितीच्या दाराशी बसले, कागद वाचून दाखवू लागले, तर किती बरे होईल! ही सूचना मी प्राध्यापकांपुढे नम्रपणे ठेवतो.

गेल्या महिन्यात देखरेखीसाठी समाजकार्यकर्त्या मावशींच्या घरी येऊन गेल्या. त्या गेल्यावर मावशी आदेशाचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "परत नेणार न्हाईत ना रे? पुन्हा एकदा वाचून दाखव." मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.